धावत्या राक्षसाचे छायाचित्र

अमेरिकेतील मिसूरी राज्यात, मिसिसिपी नदीच्या काठी, सेंट लुइस हे शहर वसलेले आहे. शहराच्या मध्यवस्तीत 1995 साली उघडलेले एक प्रचंड क्रीडागार असून त्यावर घुमटाकार छत आहे. एरवी तेथे फुटबॉलचे सामने, सभा आणि प्रदर्शने होतात; परंतु हिवाळ्यात काही दिवस त्याचे रूप पार पालटून जाते. जमिनीवर संरक्षणासाठी फळ्या अंथरल्या जातात, त्यांवर गाड्याच्या गाड्या भरून आणलेली माती ओतली जाते, ती दाबून तिचे उंचवटे आणि उतार रचले जातात. आणि मग त्या मातीवर धुमाकूळ घालावयास मॉन्स्टर ट्रक, म्हणजे राक्षसी ट्रक, उतरतात.

ह्या वाहनास राक्षस म्हणण्यात काही अतिशयोक्ती नाही. त्याचे एकेक चाक 66 इंच, म्हणजे साडेपाच फूट उंच असते. बारा वर्षांचे मूल त्याच्याजवळ उभे राहिले, तर चाकाचा माथा मुलाच्या डोक्याच्या वर जातो. ट्रकचे वजन सुमारे साडेपाच हजार किलोग्रॅम भरते, आणि त्याच्या इंजिनाची शक्ती सुमारे 1500 अश्वशक्ती असते. गंमत अशी, की बाहेरून दिसणारे त्याचे रंगीबेरंगी शरीर पोलादी नसते. ते फायबरग्लासचे पातळ कवच असते. खरा राक्षस म्हणजे त्या कवचाच्या आतील पोलादी नळ्यांचा सांगाडा.

ह्या खेळाचा उगमही सेंट लुइसच्याच परिसरातला. तेथे बॉब चँडलर नावाचे एक गृहस्थ चारही चाके चालविणाऱ्या गाड्यांच्या सुट्या भागांचे दुकान चालवीत असत. 1970 नंतरच्या दशकात त्यांनी आपल्या स्वतःच्या ट्रकला उत्तरोत्तर मोठी चाके बसविण्यास आरंभ केला. गाडी चालविताना त्यांचा पाय वेगाच्या पट्टीवर फार जड पडे, म्हणून मित्रमंडळी त्यांना थट्टेने ‘बिगफूट’ म्हणत. तेच नाव ट्रकला मिळाले. 1981 साली त्यांनी एका शेतात जुन्या मोडक्या मोटारींवरून हा ट्रक नेऊन त्या चिरडून दाखविल्या. थोड्याच वर्षांत शेतातला हा प्रकार मोठमोठ्या क्रीडागारांत शिरला.

अशा खेळाचे छायाचित्र घेणे वरकरणी सोपे वाटते. एवढे मोठे धूड समोरून जाते, मग त्याचे चित्र घेण्यात अवघड ते काय? परंतु प्रथमच कॅमेरा घेऊन आलेला मनुष्य घरी गेल्यावर आपली चित्रे पाहतो आणि खिन्न होतो. कोठे काळोखात एक रंगीत डाग, कोठे ट्रक निघून गेल्यावर उरलेली धूळ, कोठे चाकाचा अर्धा भाग. जे डोळ्यांनी स्पष्ट पाहिले, ते चित्रात का उतरले नाही, हे त्याला उमगत नाही.

ह्याचे कारण शोधण्यास थोडे गणित पुरे आहे. ट्रक ताशी 54 किलोमीटर वेगाने धावत आहे असे समजू. म्हणजे तो एका सेकंदात 15 मीटर जातो. कॅमेऱ्याचे शटर एका सेकंदाचा 60 वा भाग उघडे राहिले, तर तेवढ्या अवधीत ट्रक 25 सेंटिमीटर पुढे सरकतो आणि त्याची प्रतिमा तितकी फराटली जाते. शटर एका सेकंदाचा 1000 वा भागच उघडे ठेवले, तर ट्रक अवघा दीड सेंटिमीटर सरकतो व चित्र रेखीव येते. मग शटर नेहमी असेच झपाट्याने का मिटू नये? अडचण प्रकाशाची आहे. दार जितका कमी वेळ उघडे, तितका कमी प्रकाश आत येणार; ह्या उदाहरणात तो सुमारे सतरा पटींनी घटतो. उघड्या मैदानावर भर दुपारी ह्याची फिकीर नसते. परंतु छताखालच्या क्रीडागारात दिव्यांचा झगमगाट कितीही वाटला, तरी त्याचा प्रकाश पुष्कळदा उन्हाच्या पन्नासाव्या हिश्शाइतकाही नसतो. आपला डोळा अंधुक उजेडाला झटकन सरावतो, म्हणून हा फरक आपल्याला जाणवत नाही. कॅमेऱ्याला तो चांगलाच जाणवतो.

तेव्हा छायाचित्रकार मोठ्या तोंडाचे भिंग वापरतो आणि कॅमेऱ्याची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता वाढवितो. ही संवेदनशीलता फार वाढविली, की चित्रावर वाळू पसरावी तसे कण दिसू लागतात. पण कण पत्करले, फराटा नको, असे पुष्कळ जण मानतात. फ्लॅशचा येथे उपयोग होत नाही. प्रकाशाचा नियम असा आहे, की अंतर दहापट झाले तर उजेड शंभरावा हिस्सा उरतो. पाच मीटरवरच्या माणसाला उजळून टाकणारा फ्लॅश पन्नास मीटरवरच्या ट्रकचे काही करू शकत नाही. तरीही प्रेक्षागारातून शेकडो फ्लॅश चमकत असतात! त्या चित्रांत पुढल्या रांगेतील माणसाच्या डोक्याची मागची बाजू मात्र फार सुंदर येते. जवळ उडणाऱ्या धुळीचे कणही त्या उजेडात पांढऱ्या ठिपक्यांसारखे चमकतात.

दिव्यांचीही एक खोड असते. अमेरिकेत घरोघरी येणारी वीज सेकंदाला 60 वेळा दिशा पालटून पुन्हा मूळपदावर येते. त्यामुळे जुन्या पद्धतीचे वायूचे दिवे सेकंदाला 120 वेळा मंद-तेज होतात. भारतात हा आकडा 100 आहे. शटर फार थोडा वेळ उघडले, तर ते कधी तेजाच्या क्षणी उघडते, कधी मंदपणाच्या क्षणी. आणि लागोपाठची दोन चित्रे एक उजळ, एक काळवंडलेले अशी निघतात. शिकाऊ छायाचित्रकार अशा वेळी आपल्या कॅमेऱ्याला दोष देत बसतो.

आता समजा, हे सर्व जमले. भिंग चांगले मिळाले, दिवे प्रखर मिळाले आणि एका सेकंदाच्या 1000 व्या भागात चित्र टिपले. ट्रक काटेकोर रेखीव आला. त्याच्या चाकांवरील प्रत्येक खाच मोजता येते. आणि तरीही चित्र पाहणारा विचारतो, “हा ट्रक मातीवर उभा करून ठेवला होता काय?” उडी मारतानाचे चित्र असेल, तर ट्रक दोरीने टांगलेल्या खेळण्यासारखा दिसतो. वेग गोठवावयास गेलेल्या छायाचित्रकाराने वेगच घालविलेला असतो. ह्या कलेतील खरी कसोटी येथून पुढे सुरू होते. कोणती गती थांबवावयाची आणि कोणती चित्रात राहू द्यावयाची, हे त्याने ठरवावयाचे असते.

ह्यासाठी चाकाकडे नीट पाहावे लागते. धावत्या सायकलचे चाक पाहा. त्याचा जमिनीला टेकलेला बिंदू त्या क्षणी जवळजवळ स्थिर असतो, आणि माथ्याचा बिंदू सायकलच्या दुप्पट वेगाने पुढे जात असतो. म्हणूनच स्थिर कॅमेऱ्याने घेतलेल्या चित्रात खालच्या तारा स्पष्ट आणि वरच्या तारा पुसट दिसतात. राक्षसी ट्रकची गोष्टही हीच. ट्रक सेकंदाला 15 मीटर जात असेल, तर त्याच्या चाकाचा माथा सेकंदाला 30 मीटर वेगाने जातो.

अनुभवी छायाचित्रकार म्हणून कॅमेरा स्थिर धरीत नाही. तो ट्रकबरोबर फिरवितो. पाय थोडे फाकवून, कोपरे अंगाशी घट्ट धरून, तो कमरेतून वळतो. ट्रक समोर येण्यापूर्वीच त्याचे वळणे सुरू झालेले असते आणि कळ दाबल्यानंतरही ते थांबत नाही. क्रिकेटमध्ये फटका मारल्यावर बॅट जशी पुढे जातच राहते, तसे. आता ट्रक कॅमेऱ्याच्या दृष्टीने जागच्या जागी असतो, म्हणून शटर सेकंदाचा 60 वा किंवा 125 वा भाग उघडे राहिले तरी त्याचे शरीर स्पष्ट येते. मागची माती आणि प्रेक्षक मात्र लांब रेघांत विरघळून जातात, आणि चाके गरगर फिरताना दिसतात. प्रकाशही भरपूर मिळतो. शिवाय सेकंदाच्या 125 व्या भागात दिव्याची तेज-मंदीची जवळजवळ एक फेरी पुरी होत असल्याने ती उजेड-काळोखाची खोडही बरीचशी मोडते. एका युक्तीने इतकी कामे साधावी, हा योग विरळाच. पण ती हाताला लवकर येत नाही. पहिल्या दिवशी शंभरांपैकी एखाददुसरे चित्र साधले, तरी पुष्कळ झाले. सराव करावयाचा तर रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी उभे राहून सायकलस्वारांवर करता येतो. त्यासाठी क्रीडागार लागत नाही.

उडीची कथा थोडी निराळी आहे. ट्रक उंचवट्यावरून हवेत झेपावतो, वर चढताना त्याचा ऊर्ध्व वेग घटत जातो, आणि सर्वांत उंच बिंदूवर तो क्षणभर शून्य होतो. त्या शिखराच्या आधी व नंतर एक दशांश सेकंदपर्यंत ट्रकचा वर किंवा खाली जाण्याचा वेग सेकंदाला एक मीटरहून अधिक नसतो. हाच छायाचित्रकाराचा क्षण. परंतु मनुष्याला काही दिसून बोट हलेपर्यंत साधारण पाचवा हिस्सा सेकंद जातो, आणि तेवढ्यात ट्रक तीन मीटर पुढे गेलेला असतो. तेव्हा ट्रक शिखरावर दिसला म्हणून कळ दाबणाऱ्याच्या हाती उतरता ट्रकच येतो. कळ आधी दाबावी लागते. हल्लीचे कॅमेरे सेकंदाला दहा-वीस चित्रे सहज घेतात हे खरे. परंतु दहा चित्रांच्या गतीनेही दोन चित्रांमध्ये ट्रक दीड मीटर जातो, आणि नेमका हवा तो क्षण त्या दोहोंच्या फटीतून निसटू शकतो.

येथे एका जुन्या प्रयोगाची आठवण होते. धावणाऱ्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात की नाही, ह्याचा निकाल नुसत्या डोळ्यांनी लागत नव्हता. 1878 साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे एडवर्ड मायब्रिज ह्यांनी एका ओळीत बारा कॅमेरे मांडले आणि घोडा पुढे जाईल तसतशी त्यांची शटरे उघडतील अशी व्यवस्था केली. पाय सुटतात हे सिद्ध झाले. पण चित्रकार दाखवीत तसे ते पुढे-मागे ताणलेले असताना नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले असताना. मायब्रिजना डोळ्याला न दिसणारे दाखवावयाचे होते, म्हणून त्यांनी गती गोठविली ती योग्यच होती. ट्रकच्या छायाचित्रकारास डोळ्याला जे भासले तेच दाखवावयाचे असते, म्हणून त्याचा मार्ग वेगळा.

कॅमेऱ्यातून पाहण्यात एक धोकाही आहे. दूरचे जवळ दाखविणारे भिंग डोळ्याला लावले, की अंतराचे भान सुटते. भोवतालचे जग नाहीसे होऊन चौकटीतला ट्रक तेवढा उरतो. 2009 सालच्या जानेवारीत वॉशिंग्टन राज्यातील टॅकोमा डोम ह्या छतबंद क्रीडागारात एका ट्रकचा तुटलेला धातूचा तुकडा प्रेक्षागारात उडाला आणि सहा वर्षांच्या एका मुलाचा प्राण गेला. तो मुलगा इतर प्रेक्षकांसारखाच खेळ पाहावयास आला होता. अशा खेळांत ट्रक भरकटू लागला तर त्याचे इंजिन दुरून बिनतारी यंत्राने बंद करण्याची सोय असते. परंतु उडालेला तुकडा बंद करता येत नाही. जाणता छायाचित्रकार म्हणून ट्रक जेथे आदळणार त्या रेषेत उभा राहत नाही, नेमून दिलेल्या जागेपलीकडे पाऊल टाकीत नाही, आणि एक डोळा कॅमेऱ्यात असला तरी दुसरा उघडा ठेवतो. चांगले चित्र चार पावले पुढे गेल्याने मिळेल असे वाटण्याचा मोह मोठा असतो.

खेळ संपतो. कानांवर बसविलेले जाड आवरण काढले, तरी थोडा वेळ डोक्यात घरघर चालूच राहते. प्रेक्षक पांगतात आणि माती उपसून नेणारी यंत्रे आत येतात. छायाचित्रकार एका कडेला बसून शेकडो चित्रे एकेक करून पाहतो व बहुतेक सारी पुसून टाकतो. एका चित्राशी त्याचा हात थांबतो. त्यात मागचे प्रेक्षागार रंगांच्या आडव्या पट्ट्यांत वाहून गेले आहे, चाके धुरकट झाली आहेत, टायरवरून सुटलेले मातीचे ढेकूळ एक लांब तपकिरी रेघ होऊन गेले आहे. आणि ह्या सगळ्या गदारोळात सांगाड्याच्या मधोमध बसलेल्या चालकाचे शिरस्त्राण इतके स्पष्ट आले आहे, की त्यावरचा ओरखडादेखील दिसतो.