चामडं सगळ्यांत शेवटी

पूल खेळणाऱ्या आणि आपली क्यू जिवापाड जपणाऱ्यांना कळकळीने एक गोष्ट सांगायची आहे. क्यूच्या बटाला नवं पॉलिश आणि चामड्याची नवी ग्रिप, अशी दोन्ही कामं करायची असतील तर चामडं सगळ्यांत शेवटी बसवा. माझ्या क्यूवर हा क्रम उलटा झाला. आधी शेळीचं उत्तम, महागडं चामडं चढलं आणि मग त्यावर टेप गुंडाळून लाकडावर स्प्रे झाला. टेप काढताना चामड्यावरचा रंगाचा थर सोलून निघाला. कडेने जिथे थिनर झिरपला होता, तिथे चामडं पापडासारखं कडक झालं आणि पुढे तडकलं. कारागीर नवखा नव्हता, नेरूळच्या कितीतरी घरांतली दारं-कपाटं त्याच्या हातची आहेत. पण कपाटाला चामडं नसतं.

क्यूचं काम जाणणारी माणसं आपल्याकडे नाहीत असं नाही. बिलियर्ड्स इथे मुरलेला खेळ आहे: पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेते झाले, मुंबईच्या मायकेल फरेरांनी तो किताब तीनदा जिंकला. मात्र बिलियर्ड्स-स्नूकरच्या क्यूचं बट बहुधा उघड्या लाकडाचंच असतं. ग्रिप गुंडाळायची पद्धत मुख्यतः पूलच्या क्यूची. त्यामुळे टिप आणि फेरूल डोळे झाकून बदलणाऱ्या माणसाने चामडं कधी गुंडाळलेलंच नसेल, असं सहज होतं. काम सोपवण्याआधी हे स्पष्ट विचारा. त्याने केलेली एखादी ग्रिप हातात घ्या आणि लाकडावरून चामड्यावर, चामड्यावरून परत लाकडावर बोट फिरवा. ते कुठेही अडखळता कामा नये.

अडखळतं ते खाचेमुळे. चामडं बसतं ते बटात कोरलेल्या उथळ खाचेत आणि तिची खोली चामड्याच्या जाडीइतकीच, एक मिलिमीटरच्या आसपास असते. जुनं पॉलिश काढताना लाकूड जरा झिजलं की खाच तेवढी उथळ होते, पॉलिशचे नवे हात चढले की पुन्हा थोडी खोल होते. म्हणून खाच मापायची ती पॉलिश पूर्ण वाळल्यावर, आणि मग चामडं मागच्या बाजूने तासून त्या मापाला आणायचं. पॉलिश पेपर मारायचा तो क्यू लेथवर फिरवत. नुसत्या हाताने घासलं तर खाचेच्या कडा गोलावतात आणि गोलावलेली कड कोणत्याही चामड्याने झाकली जात नाही. खाचेत पॉलिशचे थेंबही साचू देऊ नका, चामड्याखाली ते उंचवट्यासारखे लागतात.

बट मागे जाड आणि पुढे बारीक असतं, हेही कापताना विसरलं जातं. खाचेचा व्यास पुढे २६ आणि मागे ३० मिलिमीटर असेल, तर चामडं पुढे सुमारे ८२ आणि मागे ९४ मिलिमीटर रुंद लागतं. सरळ पट्टी कापली तर एका टोकाला फट राहते किंवा दुसऱ्या टोकाला घडी पडते. आधी कागद गुंडाळून साचा करा. धारावीत चामडं हवं तसं मिळेल, पण चुकीचा कापलेला तुकडा वायाच जातो.

नवी मुंबईच्या पावसाळ्यात तर हे काम करूच नका. खाडीकाठच्या दमट हवेत लॅकर मारलं की थिनर झपाट्याने उडतो, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं बाष्प ओल्या थरावर धरतं. पॉलिश दुधी पडतं. माझ्या क्यूचं काम भर जुलैत झालं आणि बटावर तो पांढुरका डाग उमटला. पीयू पॉलिश घेतलं तरी सुटका नाही, त्याच्या हार्डनरची पाण्याशी क्रिया होऊन कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे उठू शकतात. (त्या हार्डनरमधली आयसोसायनेटं श्वासावाटे आत गेली तर दमा जडू शकतो. घरच्या बाल्कनीत स्वतः स्प्रे मारायचा विचार मनातही आणू नका.) चामडंही दमट हवेत ओल धरतं आणि पूल पार्लरच्या एसीत कोरडं पडून आकसतं, मग त्याच्या कडांचा सांधा उघडतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. तोवर जुन्या ग्रिपवर खेळा, काही बिघडत नाही.

ज्यांच्या हाताला फार घाम येतो त्यांनी आयरिश लिननच्या ग्रिपचा विचार जरूर करावा. ती घाम शोषते आणि खराब झाली तर बदलायला चामड्याइतका खर्च येत नाही. चामड्याची पकड मला अजूनही जास्त आवडते, म्हणून दुसऱ्यांदाही चामडंच घेतलं, या वेळी लाकडाचं काम पुरतं संपल्यावर.

ग्रिप बसली की तिची निगा साधी आहे. खेळून झाल्यावर घाम कोरड्या कापडाने टिपा आणि चामडं सुकल्याशिवाय क्यू केसमध्ये बंद करू नका, पावसाळ्यात बुरशी तिथेच धरते. केसमध्ये सिलिका जेलची पुडी ठेवा आणि ती वेळोवेळी बदला. वाशी स्टेशनबाहेर उन्हात उभ्या केलेल्या गाडीत मात्र क्यू कधीही ठेवू नका, उष्णतेने चामडं चिकटवणारं सोल्युशन मऊ पडतं आणि चामडं सांध्याकडून सुटू लागतं.