युरोपीय उमरावांच्या पदव्या : अर्थ आणि उगम

युरोपीय नाटक-कादंबऱ्या भारतीय भाषांत आणताना ड्यूक, काउंट, प्रिन्स या पदव्यांसाठी 'सरदार', 'उमराव', 'राजपुत्र' असे प्रतिशब्द सहज सुचतात. परंतु या पदव्या मुळात मोठेपणाच्या निदर्शक नव्हत्या. त्या कामाच्या संज्ञा होत्या. हा इतिहास दृष्टीआड झाला, तर मूळ कृतीतील सामाजिक भेदच भाषांतरात पुसले जातात.

'ड्यूक'च्या मुळाशी लॅटिन 'दुक्स', म्हणजे पुढे नेणारा, हा शब्द आहे. रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळात सरहद्दीवरील सेनानायकास ही संज्ञा होती. जर्मन 'हेर्त्सोग'चा मूलार्थही 'सैन्य नेणारा' असाच होतो. 'काउंट' हा लॅटिन 'कोमेस', म्हणजे सहचर, या शब्दापासून आला. सम्राटाच्या सहवासातील विश्वासू माणसाचे हे अभिधान चौथ्या शतकात कॉन्स्टंटाइनच्या अमदानीत अधिकारपदवाचक झाले. त्याचा प्रतिनिधी तो 'व्हायकाउंट'. 'मार्क' म्हणजे सीमाप्रदेश. त्याचा रक्षक तो 'मार्क्विस'. 'बॅरन'चा मूळ अर्थ तर केवळ 'माणूस'. सरंजामी व्यवस्थेत राजाचा माणूस.

फ्रँक राज्यातील काउंट हा राजाने नेमलेला अधिकारी होता. न्यायदान, वसुली आणि सैन्यभरती ही त्याची कामे. पदाबरोबर जमीन मिळे, आणि जमीन हाती आली की ती पुत्राकडे जावी अशी वहिवाट पडे. इ. स. 877 मध्ये इटलीच्या मोहिमेवर निघताना चार्ल्स द बाल्डने किएर्सी येथे काढलेल्या आज्ञापत्रात मृत काउंटच्या पुत्राचा विचार करण्याची तरतूद आढळते. पद वंशात स्थिरावत असल्याची ती खूण होय.

इंग्लंडने मात्र 'काउंट' हा शब्द स्वीकारला नाही. तेथे जुना 'अर्ल' टिकला. परंतु अर्लची पत्नी 'काउंटेस'च म्हणविली गेली. ड्यूक ही पदवी तेथे 1337 मध्ये प्रथम, तिसऱ्या एडवर्डच्या ज्येष्ठ पुत्रास, देण्यात आली. तोवर तिच्यातील सेनापतित्व लोपून श्रेष्ठत्व तेवढे उरले होते.

भाषांतरकाराची खरी कसोटी येथे लागते. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'तील व्हेनिसचा ड्यूक म्हणजे तेथील 'दोजे'. हा शब्दही 'दुक्स'पासूनच झालेला. पण दोजे हा निवडून आलेला राज्यप्रमुख होता. त्यास 'सरदार' म्हटल्यास प्रजासत्ताकाची राज्यपद्धतीच नाहीशी होते. टॉलस्टॉयच्या 'युद्ध आणि शांती'तील बोल्कोन्स्की हे 'क्न्याज', तर रोस्तोव हे 'ग्राफ' आहेत. पहिली पदवी जुन्या रशियन राजवंशांच्या परंपरेतील, तर दुसरी पीटर द ग्रेटने अठराव्या शतकाच्या आरंभी जर्मन वळणावर आणलेली. इंग्रजी 'प्रिन्स'वरून क्न्याजचा 'राजपुत्र' केला, तर तो झारचा मुलगा ठरतो.

फ्रान्सने 1790 मध्ये वंशपरंपरागत उमरावपद रद्द केले. जर्मनीत 1919 च्या राज्यघटनेने पदव्या केवळ नावाचा भाग म्हणून राहू दिल्या. पद, वंश आणि नाव असा हा तीन अवस्थांचा प्रवास होय. मराठी मुलखास तो अपरिचित नाही: 'देशमुख' हे परगण्याच्या अधिकाऱ्याचे पद, ते वतन झाले, आणि वतने गेल्यावर आडनाव म्हणून उरले. म्हणून प्रतिशब्द योजण्यापूर्वी त्या कृतीच्या काळी पदवी या तीनपैकी कोणत्या अवस्थेत होती, हे पाहणे अगत्याचे ठरते.