यादीत नाव नसलेली इमारत

मुंबई शहर बेटावरील जुन्या भाड्याच्या इमारतींची दुरवस्था समजून घ्यायची, तर आरंभ भाड्यापासूनच करावा लागतो. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणभूत भाडे, म्हणजे मालकाला कायद्याने घेता येणारे कमाल भाडे, बहुतांश जुन्या घरांसाठी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून ठेवले; त्यामुळे लाखो कुटुंबांच्या डोक्यावरचे छप्पर टिकले, परंतु त्याच भाड्यातून एखादी तुळई बदलणेही मालकांना परवडेनासे झाले आणि डागडुजी थांबत गेली. अखेर शासनाने १९६९ च्या कायद्याने दुरुस्तीचे दायित्व अंगावर घेतले आणि त्याच्या खर्चासाठी ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या अशा इमारतींवर दुरुस्ती उपकर बसवला. या इमारतींना ‘उपकरप्राप्त इमारती’ म्हणतात. आरंभी त्यांची संख्या १९,६४२ होती, आज ती सुमारे १३ हजार आहे.

या व्यवस्थेच्या मर्यादा तिच्या रचनेतच आहेत. उपकर मालमत्ता कराबरोबर वसूल होतो आणि त्याला शासन, महापालिका व म्हाडा (राज्याचे गृहनिर्माण प्राधिकरण) यांच्या अंशदानाची जोड मिळते. परंतु ज्यावर उपकर आकारला जाई ते करपात्र मूल्य दीर्घकाळ भाड्यावरूनच ठरत असल्याने गोठलेल्या भाड्याबरोबर उपकराचे उत्पन्नही तोकडे राहिले, आणि इमारत जितकी जुनी होत गेली तितका तिचा खर्च वाढत गेला. मनुष्यबळाचीही तीच गत आहे. म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाचे अभियंते दरवर्षी पावसाळ्यापूर्वी इमारतींचे सर्वेक्षण करून अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करतात. मोजक्या अभियंत्यांनी काही आठवड्यांत हजारो इमारती पाहायच्या, म्हणजे ती पाहणी प्रामुख्याने डोळ्यांनीच होणार. तडे, झुकलेला सज्जा, उघड्या पडलेल्या सळया, भिंतीत रुजलेला पिंपळ या गोष्टी अशा पाहणीत दिसतात. लाकडी सांगाड्याच्या चाळीत मात्र खरा धोका तुळईच्या भिंतीत रुतलेल्या टोकाशी असतो. मोरीचे पाणी तिथे वर्षानुवर्षे मुरते, टोक कुजते, आणि बाहेरून तुळई धडधाकटच दिसते.

प्रस्तुत लेखकाच्या कुटुंबाला हा धडा गिरगावातील एका तीनमजली चाळीत मिळाला. इमारतीचे नाव कोणत्याही वर्षी यादीत आले नव्हते आणि रहिवाशांनी त्याचा अर्थ ‘इमारत सुरक्षित आहे’ असाच लावला होता. मोरीखाली ओल येत होती, त्याबद्दल शेजाऱ्यांत तोंडी बोलणे होत होते, परंतु लेखी तक्रार एकदाही गेली नव्हती. उलट ओलीचे डाग दिसू नयेत म्हणून खालच्या खोलीत प्लास्टर ऑफ पॅरिसचे छत बसवण्यात आले होते, आणि पाहणीसाठी येणाऱ्याला जी तुळई दिसायला हवी होती तीच त्यामुळे झाकली गेली. एका श्रावणात पहाटे मोरीचा भाग त्या छतासकट खाली आला. खोलीत त्या वेळी कोणी नव्हते, म्हणूनच या घटनेचे वर्णन आज शांतपणे करता येते. पुढे टेकू लागले, दुरुस्तीचा प्रस्ताव निघाला. तथापि, ओल केव्हापासून होती याचा एकही कागद रहिवाशांकडे नव्हता.

या अनुभवातून निघणारा पहिला निष्कर्ष असा की, यादीत नाव नसणे हा सुरक्षिततेचा दाखला नव्हे. त्याचा अर्थ एवढाच की, त्या वर्षीच्या पाहणीत धोका नजरेस आला नाही. संरचनात्मक तपासणी, म्हणजे इमारतीचा भार पेलणाऱ्या भागांची अभियंत्याने उपकरणांनी केलेली परीक्षा, ही वेगळी गोष्ट आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५३-ब नुसार ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतीची अशी तपासणी नोंदणीकृत संरचना अभियंत्याकडून करून घेणे मालकावर वा भोगवटादारावर बंधनकारक आहे. ती करताना काँक्रीटसाठीच्या चाचण्यांवर न थांबता लाकडी तुळयांची टोके उघडून पाहण्याचा आग्रह धरावा, आणि त्यासाठी खोट्या छताचा मोह सोडावा.

दुसरा निष्कर्ष लेखी नोंदीविषयी आहे. तक्रार तारखेसह छायाचित्रे जोडून द्यावी आणि पोहोचेवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय परतू नये. महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार मालकाला किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊनही दुरुस्ती न झाल्यास भाडेकरूला ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो, मात्र वर्षाला त्या वर्षीच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. जुन्या भाड्याचा विचार करता ही रक्कम नगण्य असली, तरी त्या नोटिशीचे पुराव्याचे मोल मोठे आहे.

तिसरा निष्कर्ष घर रिकामे करण्यासंबंधी आहे. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळून ३३ जणांचा बळी गेला. ती आधीच धोकादायक ठरलेली असतानाही काही कुटुंबे तिथेच राहत होती. संक्रमण शिबिरात, म्हणजे तात्पुरत्या निवासात, गेल्यावर आपला हक्क बुडेल ही भीती अशा थांबण्यामागे बहुधा असते. इमारत पाडली गेल्याने भाडेकरूचा हक्क संपत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिलेला आहे. म्हणून खोलीच्या चटईक्षेत्राची अधिकृत नोंद करून घ्यावी, भाडेपावत्या जपाव्यात आणि इमारत सोडण्यास सांगितल्यावर एक रात्रही रेंगाळू नये.

शेवटी, रहिवाशांची दक्षता ही शासकीय तपासणीची जागा घेऊ शकत नाही, हेही तितकेच ठामपणे सांगितले पाहिजे. माहितीच्या अधिकाराखाली आपल्या विभागात अभियंत्यांची मंजूर पदे किती, भरलेली किती, एका अभियंत्याकडे किती इमारती आणि दुरुस्तीसाठी मिळालेला निधी किती, हे प्रत्येक चाळीने विचारावे आणि मिळालेले आकडे अर्थसंकल्पापूर्वी आपल्या आमदारांपुढे ठेवावेत. न लिहिलेली तक्रार कोणत्याही हिशेबात येत नाही, आणि जे हिशेबात येत नाही त्यासाठी पद मंजूर होत नाही वा निधीही मिळत नाही. गिरगावातील त्या मोरीची ओल वर्षानुवर्षे साऱ्या चाळीला ठाऊक होती; ती फक्त कागदावर नव्हती.