कार्ड, कायदा की गावातली ताई?

माझ्या आजीला शुगर आणि बीपी आहे. घरात पाच लाखांचं सरकारी कार्ड आहे, पण दर महिन्याच्या गोळ्यांचे पैसे खिशातूनच जातात. एका दवाखान्यात विचारलं तेव्हा काउंटरवर सांगितलं, "ॲडमिट झालात तरच कार्ड चालतं." आजी म्हणाली, "म्हणजे मी आडवी पडायची वाट बघू का?"

सर्वांना आरोग्यसेवा मिळावी असं म्हणणाऱ्यांतही, ती कशी मिळवायची यावर एकमत नाही. मुख्य वाटा तीन दिसतात.

पहिली वाट : गावातून. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली जामखेडला काम सुरू केलं. त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्य कार्यकर्त्या बनवलं. त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या, काही दलित होत्या. बाळंतपण, मुलांचा आहार, स्वच्छ पाणी ही कामं त्यांनी हाती घेतली. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण प्रत्येक तालुक्याला आरोळे कुठून आणायचे?

दुसरी वाट : हक्काची. १९७८ साली आल्मा-आटा परिषदेत "२००० पर्यंत सर्वांसाठी आरोग्य" असं ठरलं. ते साल आलं, आरोग्य काही आलं नाही. म्हणून डिसेंबर २००० मध्ये कोलकात्यात जनस्वास्थ्य सभा भरली आणि त्यातून जनस्वास्थ्य अभियान उभं राहिलं. त्यांचं म्हणणं, सरकारी दवाखाना सुधारा आणि लोकांना त्याचा जाब विचारू द्या. महाराष्ट्रात २००७ पासून लोकाधारित देखरेख आणि जनसुनवाया सुरू झाल्या. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला, तेव्हा खाजगी डॉक्टर रस्त्यावर उतरले. कायदा झाला तरी तो अमलात आणण्याची लढाई उरतेच.

तिसरी वाट : कार्डाची. आपल्या कर्नाटकात २००३ साली सहकारी संस्थांच्या शेतकरी सभासदांसाठी यशस्विनी योजना आली. सुरुवातीला माणशी वर्षाला ६० रुपये भरायचे आणि ऑपरेशन ठरलेल्या हॉस्पिटलात करून घ्यायचं. २०१८ साली आयुष्मान भारत आली, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. या बाजूचे लोक म्हणतात, ज्याचं ऑपरेशन आज आहे त्याला कायद्याची वाट बघायला सांगू नका. हे खोटं नाही. पण बराचसा पैसा खाजगी हॉस्पिटलकडे जातो आणि आजीच्या गोळ्या बाहेरच राहतात.

आपण साहित्याचे विद्यार्थी, म्हणून शब्द बघू. कार्डवाला 'लाभार्थी' असतो, त्याला मिळतं. कायदेवाला 'हक्कदार' असतो, तो मागतो. जामखेडची बाई 'कार्यकर्ती' असते, ती करते. मला वाटतं, कार्ड असू द्यावं, पण तिथेच थांबू नये. गावच्या आरोग्य केंद्रात गोळी मिळते का, हीच खरी परीक्षा.

चर्चेसाठी :
१. तुमच्या घरातला खर्च ॲडमिट झाल्यावर जास्त होतो की रोजच्या औषधांवर?
२. निधी कमी असेल तर आधी कार्ड की आरोग्य केंद्र? का?