लिंकनच्या नांवाचें पत्र आणि अस्सल कागद

पुष्कळ शाळांतून, हेडमास्तरांच्या खोलींत किंवा जिन्याजवळच्या भिंतीवर, एक चौकट टांगलेली आढळते. अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनीं आपल्या मुलाच्या हेडमास्तरांस लिहिलेलें पत्र म्हणून त्या चौकटींतील मजकूर महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. कवि वसंत बापट यांच्या सुरस मराठी रूपांतरामुळें तो घरोघर पोंचला. वक्तृत्वस्पर्धांत मुलें तो तोंडपाठ म्हणतात, आणि शिक्षकदिनीं तर त्याचा उच्चार झाल्यावांचून समारंभ पुरा झाला असें वाटतच नाहीं. अमेरिकेच्या इतिहासाचा भाग शिकवितांना आम्हीं वर्गास एक साधा प्रश्न घातला : हें पत्र लिंकननें कोणत्या सालीं लिहिलें?

उत्तर कोणासच देतां आलें नाहीं, व तें येण्याजोगेंही नव्हतें. चौकटींत तारीख नाहीं, गांव नाहीं, शाळेचें नांव नाहीं, हेडमास्तरांचें नाहीं, मुलाचेंही नाहीं. आपण रजेच्या साध्या अर्जावर देखील तारीख घालतों; मग ज्या गृहस्थानें अनेक वर्षें वकिली केली त्यानें ती घालूं नये, हें थोडें चमत्कारिकच म्हणावयाचें.

तेव्हां अस्सल कागद पाहणें प्राप्त झालें. पूर्वींच्या काळीं धामापुरांतील शिक्षकानें अशी इच्छा धरली असती तर लोक हंसले असते. लिंकनचे कागद वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेस या ग्रंथालयांत आहेत. त्याचा वडील मुलगा रॉबर्ट यानें ते तेथें दिले, परंतु आपल्या मृत्यूनंतर एकवीस वर्षें ते कोणास दाखवूं नयेत अशी अट घातली. रॉबर्ट १९२६ सालीं वारला, आणि २६ जुलै १९४७ रोजीं ती मोहोरबंद दप्तरें उघडलीं. आज तेच कागद इंटरनेटवर कोणासही फुकट पाहतां येतात. एका बाजूस मूळ हस्ताक्षराचें छायाचित्र आणि पुष्कळ ठिकाणीं दुसऱ्या बाजूस त्याची छापील नक्कल असते. शिवाय लिंकनच्या लेखांचे व पत्रांचे रॉय बॅसलर यांनीं संपादिलेले आठ खंड १९५३ पासून प्रसिद्ध झाले. तेही मिशिगन विद्यापीठानें इंटरनेटवर ठेवले असून त्यांत हवा तो शब्द घालून शोध करतां येतो. आमच्या गांवीं पावसाळ्यांत वीज व मोबाईलची रेंज यांचा भरंवसा नसतो, म्हणून आम्ही हवीं तीं पानें आधींच छापून घेतों. त्यानें कांहीं बिघडत नाहीं.

हेडमास्तरांस लिहिलेलें तें पत्र या दोहोंतही नाहीं.

येथें विद्यार्थ्यांनीं घाई करूं नये. एखादा कागद न सांपडणें म्हणजे तो नव्हताच असें नव्हे. कागद जळतात, भिजतात, वाळवी खाते. म्हणून दुसरी बाजूही पहावी. लिंकनला चार मुलगे. एडवर्ड १८५० सालीं अगदीं लहानपणीं वारला. विली १८६२ च्या फेब्रुवारींत अध्यक्षांच्या निवासस्थानींच वारला. विली व धाकटा टॅड यांस तेथें घरीं शिक्षक ठेवून शिकविलें जाई. राहतां राहिला रॉबर्ट. तो शाळेंत गेला तेव्हां लिंकन स्प्रिंगफील्ड गांवीं वकील होता. म्हणजे अध्यक्ष महाराज आपल्या बाळास शाळेंत धाडीत आहेत, हें जें चित्र आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें, तें या माहितीशीं जुळत नाहीं. स्वतः लिंकननें १८६० सालीं आपल्याविषयीं लिहून दिलें आहे कीं, आपलें सारें शाळेंतलें शिक्षण एकत्र केलें तरी एक वर्षाचें भरणार नाहीं. जो एखादें पत्र खरें म्हणतो, त्यानेंच त्याचा पुरावा द्यावा, हा न्याय कोर्टांत चालतो तसा इतिहासांतही चालतो. आणि असा पुरावा आजवर कोणीं पुढें आणलेला नाहीं.

एका पालकांनीं आम्हांस विचारलें, "मास्तर, विचार तर चांगले आहेत ना? मग खोड काढून काय साधलें?" प्रश्न रास्त होता. आम्हीं सांगितलें कीं विचारांशीं आमचें भांडण नाहीं, सहीशीं आहे. चौकट खुशाल भिंतीवर राहूं द्या; पण खालीं लिंकनचें नांव न घालतां, ज्या कवीनें मराठींत ते शब्द इतके गोड बसविले त्याचें घाला. आज चांगलें वाक्य मोठ्या माणसाच्या नांवावर खपलें, तर उद्यां वाईट वाक्यही त्याच्याच नांवावर खपेल. आणि मोबाईलवर रोज सकाळीं तसें होतच आहे. आमच्याच मुलांच्या वह्यांत महात्मा गांधी, विवेकानंद व आइन्स्टाइन यांचीं अशीं वचनें आम्हीं वाचलीं आहेत कीं ज्यांचा ठावठिकाणा विचारूं जातां मूल डोकें खाजवतें.

शिवाय खोटें पत्र उराशीं धरल्यामुळें खऱ्याकडे दुर्लक्ष होतें, तें नुकसान निराळेंच. लिंकनचें विद्यार्थ्यास लिहिलेलें एक अस्सल पत्र उपलब्ध आहे. तारीख २२ जुलै १८६०, गांव स्प्रिंगफील्ड, पत्र जॉर्ज लॅथम यास. जॉर्ज हा रॉबर्टचा मित्र. हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेंत तो नापास झाला होता. त्या वेळीं लिंकन अध्यक्षपदाच्या निवडणुकीस उभा होता, देशांत वादळ उठलें होतें. तरी त्यानें या पोराची विचारपूस केली. त्याचा आशय असा : तुझ्या अपयशाची वार्ता ऐकून मला फार दुःख झालें, पण तूं निराश झाला नाहींस तर त्यांत विशेष कांहीं बिघडलें नाहीं, एकदां यत्न आरंभिला आहेस, तर आतां तो तडीस नेलाच पाहिजे. रॉबर्टही आदल्याच वर्षीं त्या परीक्षेंत नापास झाला होता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या ओळींमागचा बाप दिसूं लागतो. दहावीच्या निकालानंतर ज्या घरांत चूल पेटत नाहीं, त्या घरीं हें पत्र वाचून दाखवावें असें आम्हांस वाटतें.

अस्सल कागद हातीं आला म्हणजे शंका संपल्या, असेंही नाहीं. गेटिसबर्ग येथें १९ नोव्हेंबर १८६३ रोजीं लिंकननें केलेलें भाषण जगप्रसिद्ध आहे. त्याच्या स्वतःच्या हातच्या पांच प्रती आहेत, आणि त्या एकमेकींशीं शब्दशः जुळत नाहींत. ईश्वराचा उल्लेख करणारे दोन शब्द पहिल्या दोन प्रतींत नाहींत, पुढच्या तिहींत आहेत. मुलांस या गोष्टीची मोठी मौज वाटली.

आतां अमेरिकेचा इतिहास कोंकणांतल्या पोरांनीं एवढा कशास उकरावा, असें कोणी म्हणेल. त्यास आम्ही पुण्याचा एक कागद दाखवूं. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली, ती अमेरिकेंतील सदाचारी लोकांस अर्पण केली आहे. त्यांनीं गुलामांस मुक्त केलें, त्यांचा कित्ता आपल्या देशबांधवांनीं शूद्रांच्या मुक्ततेसाठीं गिरवावा, ही इच्छा तेथें लिहिली आहे. हें पान आणि लिंकनचा १ जानेवारी १८६३ चा मुक्तिजाहीरनामा आम्हीं वर्गांत शेजारीं शेजारीं ठेवून वाचले. जाहीरनाम्याचें मूळ वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय दप्तरखान्यांत आहे व त्याचीं छायाचित्रें कोणासही पाहतां येतात. नीट वाचतां दिसतें कीं तो बंडखोर प्रांतांपुरताच होता. लुइझियाना व व्हर्जिनिया यांतील कांहीं मुलूख तर नांवानिशीं वगळला आहे, आणि केंटकी, मेरीलँड यांसारख्या निष्ठावंत प्रांतांतील गुलामांस त्यानें हातच लावला नाहीं. साऱ्या देशांतील गुलामगिरी बंद झाली ती १८६५ च्या डिसेंबरांत, घटनेच्या तेराव्या दुरुस्तीनें. आणि त्या दुरुस्तींतही गुन्ह्याच्या शिक्षेचा अपवाद ठेवलेला आहे.

मग जोतीराव फसले काय? एका मुलीनें हें विचारलें, आणि त्या तासाचें सार्थक झालें. कागद आपल्या तारखेच्या पुढचें जाणत नाहीं. १८७३ सालीं दक्षिणेंत काळे लोक मतें देत होते, कायदेमंडळांत बसत होते. १८७७ सालीं सरकारी फौजेचा आधार निघाला, व पुढें तेथील गोऱ्यांनीं ते हक्क एकेक करून हिरावून घेतले. जोतीरावांनीं आपल्या काळीं जें दिसलें त्यांतून आपल्या लोकांच्या उपयोगाचें तेवढें उचललें. तें वाचतांना आपल्याला अमेरिका थोडी कळते, पण पुणें फार कळतें.

मराठींत हें काम नवें नाहीं. वि. का. राजवाडे यांनीं गांवोगांव हिंडून जुनीं दप्तरें धुंडाळलीं व 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' यांचा पहिला खंड १८९८ सालीं छापला. तेव्हां वॉशिंग्टनवर न थांबतां आतां घराकडे वळूं. धामापूरचा तलाव नागेश देसाई यांनीं १५३० सालीं बांधला असें आपण पाहुण्यांस सांगतों; तें कोणत्या लेखावरून, हें नववीच्या विद्यार्थ्यांनीं शोधावयाचें आहे. ज्यांच्या घरीं मुंबईच्या गिरणींतून आजोबांनीं धाडलेलीं पत्रें, मनिऑर्डरीच्या पावत्या किंवा शेतसाऱ्याचे जुने कागद असतील, त्या पालकांनीं ते रद्दींत घालूं नयेत. मूळ कागद घरींच ठेवावा, मोबाईलवर त्याचें छायाचित्र काढून द्यावें, आणि तो कोणीं, कोणास, केव्हां लिहिला हें मागें मुलाच्या हातानें लिहवून घ्यावें. जूनमध्यें शाळा उघडली कीं ते वर्गांत वाचूं.