पाळी थांबणे ही फिटनेसची खूण नव्हे

वाशीम, रिसोड, कारंजाकडच्या ज्या मुली पोलिस भरतीच्या 800 मीटरसाठी घाम गाळतात, त्यांचा पहिला प्रश्न बहुधा प्रोटीन पावडरचा असतो. डॉक्टर म्हणून माझा प्रश्न त्याच्या आधीचा आहे: पोटभर जेवता का, आणि पाळी वेळेवर येते का? 2003 मध्ये अमेरिकेत संशोधक अ‍ॅन लाऊक्स यांनी दाखवले की, व्यायामात खर्च झालेली ऊर्जा वजा करून, चरबी सोडून उरलेल्या वजनाच्या दर किलोमागे रोज 30 कॅलरींहून कमी उरल्या, तर पाच दिवसांतच पाळीचे चक्र चालवणाऱ्या संप्रेरकाची लय बिघडते. पुरेसा आकडा 45 च्या आसपास. पन्नास किलोच्या मुलीत चरबी वगळून चाळीस किलो धरू. पाच किलोमीटर धावण्यात साधारण 250 कॅलरी जातात. म्हणजे 1450 ला धोक्याची रेषा, 2050 ला पुरेसे जेवण. सकाळी नुसता चहा, दोन्ही वेळा दोन-दोन पोळ्या नि भाजी, वजनाच्या धास्तीने भात वर्ज्य, असे खाणारी मुलगी 1450 पर्यंतही पोहोचत नाही.

यावर कोणी म्हणेल, त्या प्रयोगातल्या बाया खेळाडू नव्हत्या, प्रयोगही मोजक्या दिवसांचा. खरे आहे, 30 हा आकडा सर्वांना सारखा लागू नाही, हे आता मान्य झाले आहे. पण दिशा बदललेली नाही: उपाशी पळणाऱ्या शरीरात इस्ट्रोजेन घटते, हाडे ठिसूळ होतात, नडगीला बारीक तडे जातात. ‘पाळी गेली, कटकट गेली’ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. वजन घटल्यावर सुरुवातीला वेग वाढतोही. भरतीच्या तोंडावर नडगी दुखायला लागली की मग त्या वेगाचा काय उपयोग?

परवडत नाही, ही तक्रार मात्र मी गंभीरपणे घेतो. पण ज्या जिल्ह्यात सोयाबीन नि तूर पिकते, तिथे प्रोटीन पावडरचा महागडा डबा कशाला? पन्नास किलोच्या मुलीला दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रथिने पुरतात. पन्नास ग्रॅम कोरड्या सोया वड्यांत पंचवीसेक मिळतात, बाकीची वरण, शेंगदाणे, दूध, अंडी यांतून. घरचे सोयाबीन भिजवून, नीट शिजवूनच खावे, कच्चे नको. सरावाआधी गूळ-भाकर, सराव संपताच नाश्ता. राज्यात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, असे 2019-21 चे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते. म्हणून हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठाही तपासा, आणि लोहाची गोळी चहासोबत घेऊ नका. लागोपाठ तीन महिने पाळी आली नाही, तर गर्भधारणा, थायरॉईड यांचीही तपासणी लागते. त्यासाठी भरती होईपर्यंत थांबू नये.