उजेडात तिरपी धरून बघा

१. कव्हर सगळ्यात शेवटी बघायचं. जुन्या पंकची सिंगल दाखवताना विकणारा कव्हरच पुढे करतो. मी आधी तबकडी बाहेर काढते आणि खिडकीपाशी तिरपी धरते. गाणं संपल्यापासून लेबलापर्यंत जी गुळगुळीत काळी पट्टी असते, तिच्यावर साच्याचा क्रमांक असतो. कधी साचा कापणाऱ्याची खूणही सापडते. लंडनचे जॉर्ज पेकहॅम तिथे 'पोर्की प्राइम कट' असं खरडून ठेवत. बनावट प्रती काढणारे कव्हर हुबेहूब छापतात, पण या पट्टीवर बहुतेक वेळा उघडे पडतात.

२. छपाईतली चूक दिसली तर खूश व्हा. सेक्स पिस्टल्सची 'अनार्की इन द यू.के.' ईएमआयने नोव्हेंबर १९७६ मध्ये काढली. पहिल्या प्रती कोऱ्या काळ्या कव्हरात होत्या, आणि लेबलावर दोन्ही बाजूंना निर्माता म्हणून ख्रिस थॉमस यांचं नाव होतं. मागच्या बाजूचं गाणं खरं तर डेव्ह गुडमन यांचं काम. पुढे ते दुरुस्त झालं. आज चुकीचं लेबलच जास्त भाव खातं.

३. 'पहिली पंक सिंगल' कोणती, यावर पैज लावू नये. इंग्रज माणूस छाती पुढे काढून डॅम्डची 'न्यू रोझ' सांगेल. स्टिफ कंपनी, ऑक्टोबर १९७६. पण त्याच्या महिनाभर आधी ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनच्या सेंट्सनी स्वतःच्या पैशांनी 'स्ट्रँडेड'च्या ५०० प्रती काढल्या होत्या.

४. ए अँड एम कंपनीच्या 'गॉड सेव्ह द क्वीन'चा नाद सोडा. मार्च १९७७ मध्ये बकिंगहॅम राजवाड्याबाहेर कंपनीचा सेक्स पिस्टल्सशी करार झाला, आठवड्याभरात मोडला, आणि छापलेल्या सुमारे २५ हजार प्रतींपैकी जवळजवळ सगळ्या नष्ट केल्या गेल्या. जी गोष्ट इतकी दुर्मीळ, तिच्या नकलाही तितक्याच. मे महिन्यात व्हर्जिनने काढलेली प्रत घ्या. गाणं तेच आहे, आणि रात्री झोप लागते.

५. माझा जीव मात्र बझकॉक्सच्या 'स्पायरल स्क्रॅच'वर. मँचेस्टरच्या या पोरांनी ५०० पौंड उसने घेतले, डिसेंबर १९७६ मध्ये एका दिवसात चार गाणी रेकॉर्ड केली आणि जानेवारीत 'न्यू हॉर्मोन्स' या स्वतःच्या कंपनीच्या नावाखाली एक हजार प्रती काढल्या. कव्हरवरचा फोटो साधा पोलरॉइड, पिकॅडिलीतल्या रॉबर्ट पील यांच्या पुतळ्यापाशी काढलेला. मागे कोणतं गाणं कितव्या प्रयत्नात जमलं, तेही छापलंय! एवढा मोकळेपणा बड्या कंपन्यांच्या तबकड्यांवर मला कधी दिसला नाही. मागणी वाढत गेली आणि खप १६ हजारांवर पोचला, म्हणून नुसतं कव्हर बघून 'मूळ' म्हणू नका. एक खूण सोपी आहे: बँडच्या नावाला 'विथ हॉवर्ड डेव्होटो' अशी जोड असेल, तर ती १९७९ ची आवृत्ती. हजार प्रती खपतील की नाही याची धास्ती असलेल्यांची वस्तू आपण आज हातमोजे घालून हाताळतो, याचं मला हसू येतं. (हातमोजे घालू नका. कडेला धरा, पुरे.)

६. अंडरटोन्सची 'टीनेज किक्स' बेलफास्टच्या 'गुड व्हायब्रेशन्स'ने १९७८ मध्ये काढली, ती घडी घातलेल्या कागदी पोस्टरमध्ये गुंडाळून. घडीवर कागद फाटतोच. घडी अगदी कोरी दिसली, तर आधी संशय घ्या.

७. पीव्हीसीच्या जाड पिशव्या काढून टाका. वर्षानुवर्षं चिकटून राहिल्या की तबकडीवर धुरकट डाग पडतात, ते धुऊन जात नाहीत. कागदी आतलं पाकीट, बाहेर पातळ पॉलिथिन, आणि सगळ्या उभ्या. ठाण्याच्या पावसाळ्यात कव्हरला बुरशी धरते; कपाट भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका.

८. वाजवा.

९. लेबलावर बॉलपेनने कुणाचं नाव लिहिलेलं असलं की भाव घसरतो. मला अशाच प्रती आवडतात. तेव्हाची पोरं तबकड्या एकमेकांच्या घरी न्यायची, अदलाबदल होऊ नये म्हणून नाव घालायची. दुकानदाराला यातलं काही कळू द्यायचं नाही. नावाकडे बोट दाखवायचं, नाक मुरडायचं आणि निम्म्यापासून घासाघीस सुरू करायची.